बाईंनी पाठीत मारलं म्हणून

लेझीम शिकवणाऱ्या बाईंचा मी सूड घेतला तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि गळ्यापासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टरमध्ये होते. हात आणि जीभ एवढंच मोकळं होतं. जीभ पुरली.

आम्ही वाशीला राहायला आलो ते ऐंशीच्या आसपास. वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. मुंबईतली एक खोली सोडून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो, म्हणून आई पहिले सहा महिने नुसती खूश होती. निम्म्या इमारती रिकाम्या, मधल्या प्लॉटवर छातीइतकं गवत, आणि वारा फिरला की संध्याकाळी कारखान्यांचा उग्र वास घरात शिरायचा. शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती. बाई आमच्याच सोसायटीत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. शाळेत मराठी आणि पी.टी. त्यांच्याकडे होती. उंच, सडपातळ, पाठ अशी ताठ की साडीचा पदरसुद्धा हलायला घाबरत असावा. शाळेचं लेझीम पथक त्यांनीच उभं केलं होतं. पंधरा ऑगस्ट असो, गणपती असो, नाहीतर एखाद्या नव्या इमारतीची वास्तुशांत, सगळीकडे ते पथक जायचं, आणि आमच्या त्या नव्या वस्तीत बाईंना मोठा मान होता.

मी पाचवीत पथकात गेले. रांगेत उभी राहिले की माझा उजवा खांदा वर जायचा. मला ते कळायचं नाही. मला मी सरळच उभी आहे असं वाटायचं.

"सरळ उभी राहा."

"उभी आहे बाई."

मग लेझमीचा लाकडी दांडा पाठीत बसायचा, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये. फार जोरात नाही. पण रोज. कधी दोनदा, कधी चारदा. एकदा त्यांनी मला रांगेतून पुढे ओढलं, सगळ्यांकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाल्या, "हे बघा, आपलं प्रश्नचिन्ह." पन्नास मुली हसल्या. त्या दिवसापासून दोन वर्षं माझं नाव तेच होतं. जिन्यात, नळावर, वाढदिवसाला गेले तर तिथेही.

आईच्या लक्षात आलं ते दिवाळीत, पाठीला तेल लावताना. उजव्या बाजूचं खांद्याचं हाड तिच्या तळव्याला बाहेर आल्यासारखं लागलं. आई सातवी शिकलेली. डॉक्टरकडे जाण्याआधी एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारावं म्हणून ती मला घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "वहिनी, सवय आहे ही. दप्तर एकाच खांद्यावर घेते. शिवाय या वयात मुली अंग चोरतात, पोक काढतात. डॉक्टर कशाला? तुम्ही फक्त लाड करू नका. मी आणते तिला सरळ."

आई त्यांचे आभार मानून घरी आली. त्यानंतर दांडा जास्त वेळा बसायला लागला, कारण आता त्याला घरची परवानगी होती.

दोन वर्षांनी खरी गोष्ट सांगितली ती मार्केटमधल्या शिंप्याने. सातवीच्या युनिफॉर्मचं माप घेताना त्याने टेप दोनदा लावली, मग तिसऱ्यांदा लावली. गळ्यात टेप टाकून तो आईला म्हणाला, "वहिनी, पोरीचा एक खांदा दोन बोटं वर आहे. फ्रॉकचा घेर एका बाजूला खाली पडणार. माझं माप चुकत नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या चकरा सुरू झाल्या. हाडांच्या डॉक्टरांनी मला हात लोंबते सोडून पुढे वाकायला लावलं, मागून बघितलं आणि काही न बोलता एक्स-रे लिहून दिला. एक्स-रेत माझा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसत होता. मी पडद्यामागे कपडे घालत होते तेव्हा आईचा आवाज आला.

"हे कशानं झालं डॉक्टर?"

"कशानंच नाही. वाढीच्या वयात काही मुलींना होतं. कारण आम्हालाही नीट माहीत नाही. दप्तरानं नाही, बसण्यानं नाही."

"मारल्यानं?"

"नाही हो. मारल्यानं मणके असे फिरत नाहीत."

"आणि आधी आणली असती तर?"

"दोन वर्षांपूर्वी आणली असती तर कदाचित पाठीला पट्टा बांधून भागलं असतं. आता ऑपरेशन करायला हवं."

ही दोन्ही उत्तरं मी ऐकली, पुढच्या हकिगतीत हे विसरता येणार नाही. माझ्या फ्रॉकची मागची बटणं मला लावता येत नव्हती आणि मी हात मागे घेऊन तशीच उभी होते.

ऑपरेशनमध्ये पाठ वरपासून खालपर्यंत उघडली, कण्याच्या बाजूने पोलादी सळी बसवली, कमरेचं थोडं हाड काढून मणक्यांवर पसरलं. ते हाड धरेल, मणके एकमेकांना चिकटतील आणि तेवढा भाग कायमचा एकसंध होईल, असं डॉक्टरांनी वडिलांना चित्र काढून समजावलं. चिकटायला वर्ष लागणार होतं. तोपर्यंत सळीवर भार यायला नको. कूस बदलायची तर दोन नर्स चादर धरायच्या, एक-दोन-तीन म्हणायच्या आणि मला ओंडक्यासारखं अख्खं वळवायच्या. तिसऱ्या आठवड्यात प्लॅस्टरचं जाकीट चढवलं. पोटावर श्वासासाठी एक गोल भोक ठेवलं होतं. अँब्युलन्समधून घरी येताना खाडीच्या पुलाचा एकेक सांधा मी दात आवळून मोजला.

मग तीन महिने आडवं. त्यानंतर सहा महिने प्लॅस्टरसकट उभं. काय काय करायचं नाही ते वडिलांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून भिंतीवर लावलं होतं. वाकायचं नाही. वळून बघायचं नाही, बघायचं तर अख्खं वळायचं. पाण्याच्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही, म्हणजे पंगत गेली, हळदीकुंकू गेलं. उकिडवं बसायचं नाही, त्यामुळे घरचा संडास बंद. वडिलांनी कारखान्यातल्या सुताराकडून भोकाची खुर्ची करून आणली आणि उभी राहण्याची परवानगी मिळेपर्यंत ती कोपऱ्यात माझी वाट बघत होती. बस, रिक्षा, सायकल, धावणं, उडी, सगळ्यावर काट. शेवटच्या ओळीत वडिलांनी लिहिलं होतं, "लेझीम - कधीच नाही." मला लेझीम नकोच होती. पण ते 'कधीच' वाचून मला रडू आलं, आणि रडताना प्लॅस्टर छातीवर आवळायचं म्हणून रडताही येईना.

पाठीला खाज सुटली की आई विणकामाची सुई आत सरकवायची. तीही पुढे वडिलांनी बंद केली, आत जखम होईल म्हणून. एकदा मुंग्या शिरल्या. आई रडकुंडीला येऊन बॅटरीचा उजेड आत पाडत होती आणि मुंग्या कुठेतरी मध्येच, जिथे कोणाचाच हात पोहोचत नव्हता, तिथे चालत होत्या.

आणि रोज संध्याकाळी, आमच्या खिडकीखालच्या मोकळ्या प्लॉटवर, लेझीम. गणपती जवळ आले होते, म्हणून बाई सरावासाठी पथक तिथे आणायच्या. छन्-छन्, छन्-छन्, आणि मध्येच त्यांचा आवाज, "सरळ! सरळ!" मी छताकडे बघत पडलेली. पंख्याची तीन पाती, भिंतीवरची पाल आणि तो आवाज. मी मनातल्या मनात बाईंना पाडलं. जिन्यावरून पाडलं, बसमधून पाडलं, त्यांच्या पाठीत सळी घातली, त्यांना पन्नास मुलींसमोर वाकडं उभं केलं. रोज नवीन काहीतरी. त्यातच संध्याकाळ जायची.

आमच्याकडे एक मासेवाली यायची. खाडीकाठच्या गावातली, तीन सेक्टरांतल्या सगळ्या बिल्डिंगी तिच्या पाठ. दारात टोपली ठेवून बसली की तिला पलंगावरची मी दिसायची. एक दिवस आई पातेलं आणायला आत गेली आणि मासेवालीने मला विचारलं, "काय गो पोरी, कवापासून अशी परलेली हाय? काय झाला तुला?"

मी खरंच काही ठरवलं नव्हतं. खरी गोष्ट फार लांब होती. वाढीचं वय, कारण माहीत नसलेला आजार, दोन वर्षं, सवय, शिंपी. खोटी गोष्ट एका वाक्यात मावत होती.

"बाईंनी पाठीत मारलं म्हणून," मी म्हणाले.

"कोन बाई?"

"समोरच्या बिल्डिंगमधल्या. लेझीमवाल्या."

मासेवालीने कपाळावर हात मारला. "त्या मास्तरनीनं? आनि तुजी हारा मोरली?"

"हो, हाडं मोडली."

आई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिच्यासमोरच सांगितलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे आली, खाली बसली आणि म्हणाली, "बोंबील ताजे आहेत का गं?"

चार दिवसांत ती गोष्ट तिन्ही सेक्टरांत पोहोचली. पोहोचता पोहोचता वाढली. दांड्याचा लोखंडी गज झाला, माझे दोन मणके तुटले, मी कायमची पांगळी झाले. मासेवालीने बाईंच्या दारात जाणं बंद केलं. बाईंनी गॅलरीतून हाक मारली तर तिने खालूनच ओरडून सांगितलं, "तुमाला म्हावरा नाय!" हे मला शेजारच्या काकूंनी येऊन सांगितलं, आणि ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा मनापासून हसले. प्लॅस्टर दुखलं तरी हसले.

खिडकीखालची लेझीम पातळ होत गेली. ती मोजायला मला उठावं लागत नव्हतं, आवाजच विरळ व्हायचा. आईबाप मुली काढून घेत होते. मग एका संध्याकाळी लेझीम झालीच नाही. पालकांनी शाळेत तक्रार केली होती, हेडमास्तरांनी बाईंना बोलावून पी.टी. काढून घेतली होती. गणपतीत पथक निघालं नाही.

गणपती गेल्यावर बाई घरी आल्या. आईने खुर्ची दिली, चहा आणून ठेवला, पण त्या बसल्या नाहीत. पलंगाशी उभ्या राहिल्या. मी त्यांना पहिल्यांदाच खालून बघत होते, आणि खालून त्या म्हाताऱ्या दिसत होत्या.

"मी एवढ्या जोरात मारायचे का गं?" त्यांनी विचारलं.

मी छताच्या पंख्याकडे बघितलं.

"डॉक्टर काय म्हणाले? मला खरं सांग. माझ्यामुळे झालं?"

"हो," मी म्हणाले. "पाठीला सारखे धक्के बसले, म्हणून."

त्या आईकडे वळल्या. "वहिनी, खरं का हे?"

आई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर हातात घेतला, सोडला. मग शांतपणे म्हणाली, "मी काय सांगणार बाई? मी अडाणी. तुम्हीच म्हणाला होतात ना, मी आणते तिला सरळ?"

बाईंनी हात पुढे केला, माझ्या प्लॅस्टरवर ठेवायला असावा. मी म्हणाले, "हात लावू नका. डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला आणि निघून गेल्या. चहा तसाच राहिला. आईने तो मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला.

मी शाळेत परत गेले तेव्हा प्लॅस्टर अंगावर होतं. सरळ होताना मी जवळपास दोन इंचांनी उंच झाले होते. माझ्यासाठी वर्गात पाठीची वेगळी खुर्ची आली, मधल्या सुट्टीत मुली माझा डबा आणून द्यायच्या, खडू पडला तर दुसरं कोणीतरी उचलायचं. प्रश्नचिन्ह म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. बाई आता फक्त मराठी शिकवायच्या, फळ्याकडे तोंड करून, आणि माझ्या खुर्चीकडे त्यांची नजर यायचीच नाही. एकदा मी मुद्दाम हात वर केला आणि उभी राहिले. वळता येत नाही म्हणून अख्खं अंग वळवत, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. प्रश्न काय विचारला ते आठवत नाही. त्यांचं उत्तर देताना दोनदा अडखळणं आठवतं.

वर्ष संपायच्या आत त्या पनवेलच्या बाजूला दुसऱ्या शाळेत गेल्या. मी गॅलरीत उभी राहून त्यांचं सामान टेम्पोत चढताना पाहिलं. कपाट, गाद्या, शेवटी लेझमींचं पोतं. ते उचलताना आतल्या सगळ्या लेझमी एकदम वाजल्या. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला पुढे बोर्डाच्या निकालालाही वाटलं नाही.

प्लॅस्टर नऊ महिन्यांनी कापलं. करवतीची धूळ, खालची फिकट, सालं निघालेली कातडी, आणि एकदम इतकं हलकं वाटलं की मी पडेन म्हणून ओरडले. बंधनं मात्र लगेच सुटली नाहीत. आणखी सहा महिने उडी नाही, धक्का नाही, ओझं नाही. त्यानंतर डॉक्टर एकेक गोष्ट परत देत गेले. आधी चालणं, मग जिना, मग पोहणं, मग सायकल. कंबरेतून वाकता यायचं, पण पाठीचा मधला भाग फळीसारखा राहिला, तो आजही तसाच आहे.

अशाच एका तपासणीला मी आणि आई हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. तेव्हा मी पंधराची असेन. समोरच्या दारातून बाई बाहेर आल्या. त्यांच्याबरोबर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आणि तिचे वडील होते. आईने मान खाली घातली. मी घातली नाही.

बाई त्या दोघांना पुढे पाठवून माझ्याकडे आल्या. मी उठून उभी राहिले. आता माझी उंची त्यांच्याएवढी होती.

"चालतेस छान," त्या म्हणाल्या.

"ती कोण?" मी विचारलं.

"माझ्या शाळेतली. मी आता सगळ्या मुलींच्या पाठी बघते. वर्षातून दोनदा, रांगेत वाकायला लावून. ही तिसरी सापडली." मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी पहिलीला घेऊन आले तेव्हाच डॉक्टरांना विचारलं होतं, मारल्यानं असं होतं का म्हणून."

म्हणजे त्यांना वर्षभर माहीत होतं.

"मग आमच्या घरी का नाही आलात? सगळ्यांना का नाही सांगितलं?"

"येऊन काय सांगू? मारलं तर होतंच मी. डॉक्टरकडे नेऊ नका असंही मीच सांगितलं होतं." त्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं, वर्गात बघायच्या तसं. "तू खोटं बोललीस, ते मी विसरणार नाही. तुला माफही करणार नाही. पण तुझी दोन वर्षं मी घालवली, हे खोटं नाही."

एवढं बोलून त्या गेल्या. आईकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मला वाटलं होतं, कधी समोर आल्या तर त्या रडतील, नाहीतर भांडतील. दोन्हीची उत्तरं माझ्याकडे तयार होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. माझ्या हातातून कोणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि मला त्यांचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

परतीच्या बसमध्ये आईने विचारलं, "काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. मिठागरं मागे गेली, पूल संपला, तेव्हा आई म्हणाली, "त्या दिवशी मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगू शकले असते."

"मग का नाही सांगितलंस?"

"तिने मला वेड्यात काढलं होतं," आई म्हणाली. "माझ्या पोरीची पाठ माझ्या हाताला कळली होती, आणि तिने ते मला खोटं ठरवायला लावलं. मी का सांगू?"

त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली ते शेवटी म्हणतात, बघ, तुझ्या खोट्यातून चांगलंच झालं, किती मुली वाचल्या. म्हणणाऱ्यांना म्हणू दे. मी ते मुली वाचाव्या म्हणून केलं नव्हतं. बाईंना दुखावं म्हणून केलं होतं, आणि दुखलं तेव्हा मला आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज वाटायला हवी असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

त्या भेटीच्या पुढच्या वर्षी हॉस्पिटलच्या त्याच बाकावर मला बाईंनी आणलेली ती मुलगी पुन्हा दिसली. फ्रॉकवरून पट्टा बांधलेला, हनुवटीखाली पॅड. डॉक्टर तिच्या वडिलांना सांगत होते, वाक वाढायचा थांबला आहे, ऑपरेशनची गरज पडणार नाही. वडिलांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. तपासायला म्हणून तिचा पट्टा काढला होता तेवढ्या वेळात तिच्या सँडलचं बक्कल सुटलं, तर ती पटकन, पाठ गोल करून, पायाशी वाकली आणि ते लावून मोकळी झाली. वर बघितलं तेव्हा तिला मी दिसले, आणि ती ओळखीचं हसली.

मी हसले नाही.